साडभाऊंचा समुद्र

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस भूतलावर दुसरा नसेल, असं मी माझ्या साडभाऊंबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला साडू म्हणतात, पण साडू म्हटलं की दोन माणसं एकाच ताटाकडे बघताहेत असं उगाच वाटतं, म्हणून आमच्याकडचा साडभाऊच बरा. चंद्रपूरजवळ ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत त्यांचं क्वार्टर होतं. उन्हाळ्यात चंद्रपूरचं नाव रोज बातम्यांत येतं, आणि ते काही कौतुकाने घेतलेलं नसतं. डांबर चपलेला चिकटतं, नळाला सकाळीच चहाच्या लायकीचं पाणी येतं आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर वसुलीला आलेला. अशा गावात या माणसाने समुद्रकाठचं हवापाणी तयार करायला घेतलं. कशासाठी, तर एका झाडासाठी. आणि झाड कशासाठी, तर बायकोसाठी. या उद्योगात एक कूलर, त्याच बायकोची एका उन्हाळ्याची झोप आणि एका बिबट्याची इभ्रत खर्ची पडली, पण साडभाऊंच्या निश्चयाला ओरखडा उठला नाही.

साडभाऊ टर्बाइनवर होते. टर्बाइन म्हणजे नेमकं काय ते मला अजून उमगलेलं नाही. माझं चिमूरला कृषी केंद्र आहे. धान, कापूस आणि सोयाबीनच्या बियाण्यापलीकडे माझी अक्कल जात नाही. एवढं मात्र समजलं की ते यंत्र सतत फिरत राहायला हवं, आणि ते धड फिरतंय की नाही हे जाणत्याला आवाजावरून कळतं. त्यासाठी साडभाऊंच्या खिशात लांब दांड्याचा एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असे. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. ऐकून झालं की ते एक तर म्हणत, "आवाज साफ हाय," नाहीतर काहीच न बोलता मोठ्या पान्याकडे हात नेत. ही सवय ड्युटीपुरती राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते टरबूज घेताना टरबुजाला पेचकस लावत, आणि टरबूजवाला आपला माल कापला जाणार या भीतीने अर्ध्या भावात देऊन मोकळा होई. माझ्या लेकीच्या बारशाला त्यांनी पाळण्यातल्या पोरीच्या पोटाला उलटी मूठ टेकवून, सगळ्या आयाबायांना गप्प बसवून, "आवाज साफ हाय, चालू द्या," असा दाखला दिला, त्यानंतरच तिचं नाव ठेवता आलं. माझ्या लग्नात गोरज मुहूर्तावर मंगलाष्टकं चालली असताना हे मांडवामागे जनरेटरला पेचकस लावून उभे होते. मध्येच येऊन माझ्या कानात म्हणाले, "दोन मिन्टात बंद पडते." आणि पडला. पुढची मंगलाष्टकं टॉर्चच्या उजेडात झाली, माझ्या बायकोने पहिला हार भटजींच्या गळ्यात घालता घालता सावरला, आणि साऱ्या मांडवात साडभाऊंचा चेहरा तेवढा समाधानाने उजळला होता.

आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, या सगळ्यावर एकच वाक्य बोलत. "साऱ्या दुनियेचं आयकतेत, घरचं सोडून." आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाळीची ड्युटी असल्यामुळे साडभाऊ घरी असले तर ते ड्युटीवरून नुकतेच आलेले असत, ड्युटीवर निघालेले असत किंवा ड्युटीसाठी झोपलेले असत. जागे, बसलेले आणि घरातच असे साडभाऊ मी स्वतः फार कमी वेळा पाहिले, आणि ताईंनी माझ्यापेक्षा थोडे जास्त वेळा पाहिले असतील.

निवृत्तीला काही वर्षं उरली असताना साडभाऊंनी जन्मात पहिल्यांदा लांबची रजा काढली आणि ताईंना घेऊन ते कोकणात गेले. कुणीतरी सांगितलं होतं की समुद्र एकदा बघून घ्यावा, नंतर गुडघे धरतात. तिथे एका दुपारी दोघं किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली बसले. सुरू म्हणजे ते पानांऐवजी हिरव्या दोऱ्यांच्या झिपऱ्या सोडलेलं उंच झाड; बारा महिने हिरवं, खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारं. कोकणात बागांच्या कडेला ते शोभेलाही लावतात. वारा सुटला की त्याच्या झिपऱ्यांतून असा गंभीर सूं आवाज येतो की समुद्र झाडावर चढून बसलाय असं वाटावं. साडभाऊंनी अर्थातच खोडाला पेचकस लावला. ताई वाळूतले शिंपले पदरात गोळा करता करता म्हणाल्या, "इथीच राहावं वाटते."

एवढंच. पण लग्नानंतर ताईंनी काही मागितल्याची साडभाऊंच्या लेखी ही पहिलीच वेळ. त्यांनी आवाजाचा उगम शोधला, कारण शोधलं आणि उपाय ठरवला. ज्या घरात ते उतरले होते तिथल्या मालकांना त्यांनी सुरूचं एक रोप मागितलं. मालक म्हणाले, "न्या हो खुशाल. कुठेही येईल ते. फक्त लाड करू नका." रोप कापलेल्या तेलाच्या डब्यात बसलं, डबा साडभाऊंच्या मांडीवर बसला आणि गाड्या बदलत बदलत चंद्रपूर येईपर्यंत ताईंना खिडकी मिळाली नाही, कारण खिडकी झाडाला दिली होती. स्टेशनवर मी गाडी घेऊन गेलो होतो. माझ्या हातात डबा देऊन साडभाऊ म्हणाले, "दुकानदार, समुद्र तं काही आणता येत नाई. पण त्याचा आवाज आणून राह्यलो. रिटायर व्हायच्या आंधी तुह्या ताईले क्वार्टरच्या अंगणात बसून समुद्र आयकवला नाई तं नाव बदलून ठेव." माझं नाव दुकानदार कधी ठेवलं गेलं ते मला आठवत नाही, पण ते बदलायची त्यांनी कधी तयारी दाखवली नाही.

'रिटायर व्हायच्या आधी' याला कारण होतं. क्वार्टर कंपनीचं, माणूस निवृत्त झाला की किल्ली द्यायची आणि निघायचं. साडभाऊंचं घर होतं धानोऱ्याला, जंगलालगत, वडिलांच्या धानाच्या शेतीजवळ. निवृत्तीनंतर तिथेच जायचं ठरलेलं होतं. मी व्यवहाराची गोष्ट सांगून पाहिली, की भाऊ, रोप सरळ धानोऱ्याला लावा, तिथे ते कायमचं राहील. साडभाऊंनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "तुह्या ताईनं सारी जिंदगी या क्वार्टरमंधी काढली. थे धानोऱ्याले बसून समुद्र आयकीन अन् इथचे दिवस कोरडेच राहातीन काय?" कृषी केंद्रात असल्या प्रश्नांना उत्तरं नसतात. मग शर्यत सुरू झाली. एकीकडे निवृत्ती चालत येत होती, दुसरीकडे झाडाने वाऱ्यात गाण्याइतकं उंच व्हायचं होतं.

लाड करू नका, हे त्या कोकणातल्या गृहस्थांनी नक्की कुणाला सांगितलं होतं कोण जाणे. सुरू हे काटक झाड. खड्डा खणावा, लावावं, पहिले काही महिने पाणी द्यावं आणि आपल्या कामाला लागावं. मी फोनवर हेच सांगितलं तर साडभाऊ दुखावले. "परक्या मुलखातून आलेल्या लेकराले आसं वाऱ्यावर सोडते काय कोणी?" त्यांनी अंगणात नदीची वाळू आणून पसरली. वाळूत शिंपले हवेत म्हणून ताईंनी काचेच्या बरणीत जपून ठेवलेले शिंपले त्यात पेरले. मग त्यांच्या मनाने घेतलं की रोपाला खाऱ्याची सवय आहे, आणि त्यांनी किराणा दुकानातून खड्या मिठाचं पोतं आणलं. रोज संध्याकाळी बादलीभर पाण्यात ओंजळभर मीठ, आणि ते चमच्याने चाखून, "समुद्र यापेक्षा जरा तिखट होता," म्हणत आणखी थोडं. रोप पिवळं पडलं. मी जाऊन पाहिलं आणि कळवळून म्हणालो, "भाऊ, मीठ बंद करा, मरेल ते." तर म्हणाले, "आजारी नाई थे. त्याले घरची आठवण येऊन राह्यली." आणि मीठ वाढवलं.

पण खरा कहर झाला उन्हाळ्यात. आमच्याकडे होळी झाली की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात. नवं गवत भरायचं, टाकी धुवायची, पंप चालतो का बघायचं. दिवाळीला कंदील लागावा तितक्या नेमाने हे होतं. कूलरशिवाय चंद्रपूरचा उन्हाळा काढणं हे शौर्य नाही, अविचार आहे. तर होळीनंतरच्या एका रविवारी मी सहकुटुंब त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांचा कूलर खिडकीत नव्हता. तो अंगणात, विटांच्या ओट्यावर, झाडाकडे तोंड करून उभा होता आणि त्याच्या टाकीत मीठ घातलेलं होतं. रोपट्यावर थंडगार खारा वारा सुटला होता. घरात ताई ओला नॅपकिन डोक्यावर ठेवून पोळ्या लाटत होत्या.

"हे काय ताई?" माझ्या बायकोने विचारलं.

"कोकण हाय थे," ताई म्हणाल्या. "आपण इकडं चंद्रपुरात बसाचं."

मीठ लोखंडाला काय करतं हे जन्मभर यंत्रांत राहिलेल्या माणसाला ठाऊक नसेल असं नाही, पण मायेपुढे ज्ञान गप्प बसतं. त्या कूलरचा पत्रा महिन्याभरात खालून गळून पडला. साडभाऊंनी माझ्याकडे दुसरा मागितला. मी, नाही म्हणायची पूर्ण तयारी करून गेलेला माणूस, आमच्या बैठकीतला कूलर गाडीवर बांधून देऊन आलो, आणि तो उन्हाळा आम्ही चिमूरला देवाच्या भरवशावर काढला.

मिठाची गोष्ट शेवटी मिटवली ती जंगलाने. वसाहतीच्या एका अंगाला झुडपी जंगल लागतं आणि साडभाऊंचं क्वार्टर होतं अगदी कडेच्या ओळीत. मिठाने मुरलेली वाळू गावातल्या गाईंनी आधी हुडकली. सकाळी दार उघडावं तर दोन गाई झाडाखाली मन लावून जमीन चाटताहेत. साडभाऊंना ते शुभ वाटलं. मग पहाटे चितळं येऊ लागली. तेही त्यांना शुभ वाटलं. ताईंना उठवून त्यांनी दाखवलीसुद्धा. मग रानडुकरं आली, ती कुणालाच शुभ वाटली नाहीत. आणि एका सकाळी समोरच्या क्वार्टरमधल्या बाई दूध घ्यायला बाहेर आल्या, तर साडभाऊंच्या कूलरच्या गार वाऱ्यात एक बिबट्या डोळे मिटून बसलेला. बाईंच्या किंकाळीने बिबट्याची झोप मोडली, तो हडबडून उठला, कूलरच्या वायरीत पाय अडकून कोलमडला आणि बिबट्याला अजिबात न शोभणाऱ्या चालीने जंगलाकडे पळाला.

दुपारी वनरक्षक आला. पोक्त माणूस होता. त्याने खाली बसून बोटाने वाळू उचलली, जिभेला लावली आणि बराच वेळ साडभाऊंकडे बघत राहिला. "भाऊ, जंगलात आमी जनावरायसाठी मिठाचं चाटण ठेवतो. तुमी थे कॉलनीत ठेवलं. आता ज्यायले मीठ पायजे थे येतीन, अन् ज्यायले थे पायजेत, थे बी येतीन." इतकं साधं गणित साडभाऊंना यापूर्वी कुणी घालून दिलं नव्हतं. वसाहतीतल्या चौघांनी मिळून वरची वाळू खरवडून लांब नेऊन टाकली, चांगली काळी माती भरली, माझा कूलर मला परत मिळाला आणि सुरूला आयुष्यात पहिल्यांदा गोडं पाणी मिळालं. मग ते झाड असं काही उसळलं की विचारू नका. दर महिन्याला आम्ही जात होतो आणि दर वेळी ते आम्हाला मान आणखी वर करायला लावत होतं. साडभाऊंनी याचं सगळं श्रेय मिठाला दिलं. म्हणाले, "लहानपणी मिळालेलं अंगी लागते."

निवृत्तीच्या वर्षापर्यंत झाड क्वार्टरच्या छपराच्या वर गेलं होतं. साडभाऊ रोज ड्युटीवर जाताना त्याला पेचकस लावून ऐकत आणि मान हलवत. आवाज अजून धरत नव्हता. हिवाळ्यात आमच्याकडे वारा म्हणून नसतोच. धूर निघाला तर तो उभाच राहतो. पावसाळ्यात वारा येतो तो पाऊस घेऊन, आणि पत्र्यांवर पाऊस वाजायला लागला की सुरूचं कोण ऐकतं? वारा सुटतो तो फाल्गुनात, पानगळीबरोबर. तर त्या फाल्गुनात वीज केंद्रात वर्षाच्या दुरुस्तीचं काम निघालं आणि साडभाऊ डबल ड्युटीवर. नोकरीतली ही शेवटची दुरुस्ती, त्यामुळे त्यांना घरी जा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. डबासुद्धा तिकडेच जात होता. काम संपवून ते मोकळे झाले, पेचकस पुसून झाडाखाली येऊन बसले, आणि ऐकतात तो काय? होळी होऊन गेली होती. साऱ्या वसाहतीचे कूलर चालू झाले होते.

शेकडो कूलर एकदम चालले की जो घरघराट होतो तो आम्हाला ऐकू येत नाही, इतका तो आमच्या अंगवळणी पडलेला आहे. पण साडभाऊंना आता दुसरं काही ऐकूच येईना. वर झिपऱ्या हलताना दिसत, आवाज मात्र कूलरचा. आणि वसाहत वीज केंद्राची. तिथे कसली लाइट जाते? इतर गावांत दिवसातून दोनदा आपोआप शांतता पसरते, इथे पंखासुद्धा कधी अडखळत नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात यंत्र क्षणभर थांबू नये म्हणून रक्त आटवलं, तो आता बल्बकडे बघत बसे, की एकदा तरी जाशील काय बाप्पा.

मग ते घरोघरी फिरू लागले. भर उन्हाळ्यात, संध्याकाळी वारा सुटायच्या वेळेला, दार वाजवून म्हणायचं, "धा मिन्टं कूलर बंद करता काय? तुमच्या वहिनीले समुद्र आयकवाचा हाय." लोक सज्जन होते, पण सज्जनपणालाही तापमानाची मर्यादा असते. कुणी म्हणालं, घरात म्हातारी आहे. कुणी म्हणालं, नाइट करून आलोय. समोरच्या बाई, ज्यांचा बिबट्याचा हिशेब अजून चुकता व्हायचा होता, त्या म्हणाल्या, "भाऊ, समुद्र मंग आयकू. पयले जिते राहू द्या." एका घरी बंद केला तर दुसऱ्या घरी चालूच, दुसऱ्या घरी बंद होईपर्यंत पहिल्याचा दम संपलेला. साडभाऊ रोज घामाने निथळत परत येत, आणि ताई पाण्याचा तांब्या पुढे करत.

निवृत्तीचा दिवस उजाडला. खात्याने शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. क्वार्टर दुसऱ्या सकाळी सोडायचं होतं. सामान हलवायला हात लागतील म्हणून मीही बायकोला घेऊन गेलो होतो. संध्याकाळी ओळीतले शेजारी जमले आणि विचारू लागले की भाऊ, आमच्याकडून आठवण म्हणून काय देऊ, घड्याळ देऊ की मिक्सर? साडभाऊ खाली बघत म्हणाले, "काई नोको. कूलर तेवढे बंद करा. येक डाव."

कुणी हसलं नाही. समोरच्या बाईच आधी उठल्या. त्या आत गेल्या आणि त्यांचा कूलर थांबला. मग त्यांच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. निरोप ओळीतून ओळीत गेला, आणि घरघर अशी लांब लांब सरकत गेली की आपल्या कानावरचा हात कुणी काढतंय असं मला वाटलं. सगळी वसाहत बाहेर रस्त्यावर आली. म्हाताऱ्या खुर्च्यांसकट आल्या. बाळांच्या अंगावर पदराने वारा घालत बाया उभ्या राहिल्या. ताईंना झाडाखाली खुर्ची दिली, आणि साडभाऊ त्यांच्या बाजूला पायरीवर बसले. इतकी शांतता त्या वसाहतीने कधी ऐकली नसेल.

आणि वारा नव्हता.

पान हलेना. झिपऱ्या अशा लोंबत होत्या, जणू त्यांनाही घाम आला होता. आम्ही उभे. कपाळावरून धारा लागल्या, एका म्हातारीने दोनदा "विठ्ठल" म्हटलं, पण एकही माणूस आत गेला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी समोरच्या बाईंना राहवलं नाही आणि त्या म्हणाल्या, "आला! आला आवाज!" मागून कुणी म्हणालं, "व्हय व्हय, येऊन राह्यला ना!" बघता बघता सगळी वसाहत समुद्र ऐकायला लागली. ज्यांनी जन्मात तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं ते डोळे मिटून म्हणत होते, "बरोब्बर, समुद्रच हाय." साडभाऊंनी ताईंकडे पाहिलं. "आला काय वो?"

"आला ना," ताई म्हणाल्या.

साडभाऊंनी उठून सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "चालू करा बाप्पा कूलर आता."

दुसऱ्या दिवशी सामानाच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. धानोऱ्याचं जंगल लागलं. मग म्हणाले, "दुकानदार, पान नाई हललं ना रे काल?" तीन मजले खालच्या यंत्राचा आवाज ओळखणारा माणूस. त्याच्याशी खोटं काय बोलणार? ते म्हणाले, "साऱ्यायनं माह्यासाठी आयकला. तिनं बी." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं. इतका हट्ट, इतकं मीठ, इतकी वर्षं, आणि शेवटी बायकोने दयेपोटी हो म्हणावं. धानोऱ्याच्या अंगणात मोकळी जागा भरपूर होती, पण साडभाऊंनी तिथे काही लावलं नाही. पेचकस खुंटीला टांगला. ताईंनी सांगितलं की आता ते ओसरीवर बसून असतात, काही ऐकतही नाहीत.

पुढच्या फाल्गुनात दुकानाच्या मालासाठी मी चंद्रपूरला गेलो आणि परतताना मुद्दाम ऊर्जानगरात वळलो. होळी यायची होती, कूलर माळ्यावरच होते. दुपारची वेळ. क्वार्टरमध्ये आता एक तरुण जोडपं राहत होतं; मी कोण ते सांगितल्यावर त्या मुलीने फाटक उघडून दिलं. मी झाडाखाली गेलो आणि थबकलो. वर, छपराच्याही वर, समुद्र चालू होता. सूं करत यायचा, भरायचा, ओसरायचा आणि पुन्हा यायचा. मी घाईघाईने फोन काढून धानोऱ्याला लावला. फोन ताईंनी घेतला. मी म्हणालो, "ताई, काही बोलू नका, फक्त ऐका," आणि फोन हात उंच करून झाडाकडे धरला. थोड्या वेळाने कानाशी आणला.

"व्हय," ताई शांतपणे म्हणाल्या. "आसाच येत होता. मागच्या फाल्गुनात रोज दुपारी."

मी चाट पडलो. "म्हणजे? तुम्ही ऐकला होता? मग भाऊंना सांगितलं का नाही?"

"थे ड्युटीवर होते. मी एकटीच बसत होती खुर्ची टाकून." मग त्या म्हणाल्या, "समुद्राचं काय, थो तं येत होता भाऊ. हेच येत नोते. कोकणात बी मले समुद्राचं काई नोतं. पुरी दुपार माह्याजवळ बसून होते हे, पयल्यांदा. म्हणून म्हटलं होतं मी."

मी एवढंच म्हणालो, "भाऊ आहेत का जवळ? त्यांना द्या." तिकडे ताईंची हाक ऐकू आली, "आहो, या इकडं. बसा." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर टाकला असावा. मीही इकडे स्पीकर लावून पुन्हा हात उंच केला. वारा जोरात आला, झाड वाकून वाकून गात होतं, आणि मी एका परक्या अंगणात हात वर करून असा उभा होतो की त्या मुलीने काही न विचारता मला स्टूल आणून दिलं. मी स्टुलावर चढलो.

बऱ्याच वेळाने फोनमधून साडभाऊंचा आवाज आला. "आवाज साफ हाय."

"चूप बसा ना जरा," ताई म्हणाल्या. मला वाटलं फोन कटला, म्हणून कानाशी आणला, तर तिकडे ताई अगदी हळू म्हणत होत्या, "इथीच राहावं वाटते."

साडभाऊंनी यावर काही विचारलं नाही, काही ठरवलं नाही. या वेळी त्यांनी नीट ऐकलं असावं. मी हात बदलला आणि फोन परत झाडाकडे धरला.